लोखंडामागची कहाणी



१७२५ साली काबिलखानाने बांधलेल्या या मस्तगडावर आज वाडवडिलांच्या शिकारी रायफलींविषयी बोलायचे आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीला पायबंद घातला, ते उचितच झाले. मात्र २०१९ च्या शस्त्र कायदा दुरुस्तीनंतर परवानाधारकास, वारशाची धरूनही, दोनच अग्निशस्त्रे बाळगता येतात. तिसरे जमा करावे लागते. त्याबरोबर त्याची कहाणीही लोपते.

१९०७ मध्ये चंपावतची नरभक्षक वाघीण मारल्याबद्दल जिम कॉर्बेट यांना मिळालेली बोल्ट अ‍ॅक्शन रायफल लंडनच्या रिग्बी कंपनीने जपली आहे. दस्त्यावरील चांदीच्या पट्टीवर तो प्रसंग कोरलेला आहे; म्हणून ती इतिहासाची साक्षीदार ठरली.

आपल्या घरातील रायफलीचा क्रमांक, निर्माता, मूळ मालक आणि प्रसंग आजच लिहून ठेवा. लोखंड तेलाने टिकते, इतिहास लेखणीने.