खानदेशातील मशिदी



आजच्या विषयाचे नाव वाचून काहींच्या कपाळाला आठी पडली असेल, तर काहींना हा विषय मुसलमान बांधवांनीच बोलावा असा वाटला असेल. आमचे म्हणणे निराळे आहे. खानदेशातला माणूस अजिंठा पाहतो, पद्मालयाला जातो, पाटणादेवीची यात्रा करतो. पण स्वतःच्या गल्लीच्या टोकाला जी मशीद जन्मापासून उभी आहे तिच्या आत काय असते, हे त्याला ठाऊक नसते. आत ज्यांचा रोजचा वावर असतो त्यांनाही भिंतीवर काय कोरले आहे हे पुष्कळदा ठाऊक नसते. असे दोन्हीकडचे अज्ञान एकत्र आले की तिथे ऐकीव गोष्टींचे पीक फार जोमाने येते.

तेव्हा आधी साध्या गोष्टी. मशीद हा शब्द अरबीतल्या ‘मस्जिद’वरून आला, अर्थ, सजदा करण्याची, म्हणजे कपाळ भुईला टेकण्याची जागा. इमारत असलीच पाहिजे असेही नाही. आपल्या गावांबाहेरचे ईदगाह पाहा : एक भिंत आणि पुढे मोकळे मैदान, एवढ्यावर ईदेची नमाज होते. मदिनेत पैगंबरांची पहिली मशीद खजुरीच्या खोडांवर आणि झावळ्यांवर उभी होती, आणि बिलाल उंचावर चढून अजान देत असत. घुमट आणि मनोरे मागाहून आले. पश्चिम भिंतीत जो कमानीदार कोनाडा असतो, तो मेहराब, तोही मागाहूनचा. त्या कोनाड्यात काही ठेवलेले नसते. तो फक्त दिशा दाखवतो. त्याच्या उजव्या अंगाला पायऱ्यांचे मिंबर असते. त्यावरून शुक्रवारी खुतबा होतो. अंगणात हौद असतो, तिथे हात, तोंड, पाय धुऊन वजू करायचा आणि मग रांगेत उभे राहायचे. रांगेत जागा राखून ठेवलेली नसते. आधी आला तो पुढे, मग तो सावकार असो की हमाल.

दिशेची एक गंमत सांगण्यासारखी आहे. मक्का उत्तर अक्षांशाच्या साडेएकवीस अंशांच्या जवळ आहे. आपले जळगाव आणि धुळे एकविसाच्या आगेमागे. म्हणजे नकाशावर तापीकाठ आणि मक्का जवळजवळ एकाच आडव्या रेषेवर येतात. पृथ्वी गोल असल्यामुळे अचूक दिशा पश्चिमेच्या जराशी उत्तरेला कलते. परंतु गवंड्याने मावळतीकडे तोंड करून भिंत घातली तरी खानदेशात फारसे चुकत नाही.

रीतिरिवाज पुस्तकात असतात तेवढेच नसतात. दिवेलागणीची नमाज सुटायच्या वेळी मशिदीच्या पायरीशी कडेवर आजारी मूल घेतलेल्या बाया उभ्या असतात. नमाज पढून बाहेर पडणारा माणूस मुलावर फुंकर घालतो आणि पुढे जातो. त्या बायांत हिंदू किती, मुसलमान किती, हे कोणी मोजत नाही. शास्त्रज्ञांना याचे हसू येईल, आणि काही मौलवींनाही हे पसंत पडणार नाही. बाया मात्र येतात. तिकडे सातपुड्याच्या पायथ्याला, यावल-रावेरकडे, तडवी भिल्लांची वस्ती आहे. त्यांनी इस्लाम घेतला आणि आपल्या भिल्ल चालीरीतीही पुष्कळशा राखल्या. खानदेशचा मुसलमान म्हणजे एकाच साच्यातला माणूस, असे मानणाऱ्याने एकदा तिकडे फिरून यावे.

आता इतिहासाकडे वळू. फिरोजशहा तुघलकाने १३७० साली मलिक राजा यास थाळनेर आणि करवंद हा मुलूख दिला, आणि त्यातून फारुकी घराण्याचे राज्य उभे राहिले. ते १६०१ पर्यंत टिकले. थाळनेर आज धुळे जिल्ह्यात शिरपूर तालुक्यात, तापीच्या काठावर आहे. तिथे या घराण्यातल्या पहिल्या राजांच्या कबरी आहेत, त्यांतली एक अष्टकोनी आणि फार देखणी. मलिक राजाचा मुलगा नसीरखान याने असीरगड घेतला आणि खुलदाबादचे साधू बुऱ्हाणुद्दीन यांच्या नावाने बुऱ्हाणपूर वसवले. राजधानी तिकडे गेल्यावर मोठ्या मशिदीही तिकडेच झाल्या. बुऱ्हाणपूर आज मध्य प्रदेशात आहे खरे, पण भुसावळहून खंडव्याच्या गाडीत बसावे, रावेर मागे पडले की ते आलेच. फारुकींचा खानदेश पाहायचा तर प्रांताची ही हद्द ओलांडावीच लागते.

तिथली जामा मशीद राजे अलीखान ऊर्फ आदिलशहा फारुकी याने बांधली. पुढच्या बाजूला पंधरा कमानी, आत पाच पदरी खांबांची दालने, दोन टोकांना दोन उंच मनोरे. आणि घुमट एकही नाही. कमानींवर कमानी पेलून केलेले छत वरून सपाट आहे. मशीद म्हटली की घुमट, असे आपण धरून चालतो, त्याला ही चांगली चपराक आहे. काळ्या दगडातल्या मेहराबींचे कोरीव काम इतके बारीक आहे की हात आपोआप पुढे होतो.

परंतु आम्ही तिथे गेलो ते कोरीव कामासाठी नव्हे. या मशिदीत हिजरी ९९७ चा अरबी लेख आहे. आणि उत्तरेकडच्या टोकाला देवनागरी अक्षरांत एक संस्कृत लेख आहे. त्याच्या आरंभी सृष्टिकर्त्याला नमन आहे. तो अव्यक्त आहे, सर्वव्यापी आहे, गुणांच्या पलीकडे आहे असे वर्णन आहे. असे शब्द निवडले आहेत की मुसलमानाच्या श्रद्धेला बाध येऊ नये आणि वेदान्त्यालाही ते परके वाटू नयेत. मग मलिक राजापासूनची वंशावळ. मग चंद्र, सूर्य, तारे आहेत तोवर हा वंश नांदो अशी इच्छा. आणि शेवटी काळ : संवत १६४६, शके १५११, विरोधी संवत्सर, पौष शुद्ध पक्ष, दशमी इतक्या घटकांनी सरून एकादशी, सोमवार, कृत्तिकेनंतर रोहिणी, योग, करण, रात्रीच्या गेलेल्या घटका आणि कन्या लग्न. राजाचे नाव ‘एदलशाह’ असे पडले आहे आणि मशिदीला शब्द योजला आहे ‘मसीति’. ही त्याने स्वतःच्या धर्माच्या पालनासाठी बांधली, असे संस्कृतात स्पष्ट लिहिले आहे.

म्हणजे मशिदीसाठी कोणा जोशाने पंचांग उघडले होते. यात नवल वाटायला नको. चाळीसगावजवळच्या पाटण गावी शके ११२८ चा शिलालेख आहे. भास्कराचार्यांचे ग्रंथ शिकवण्यासाठी त्यांच्या नातवाने काढलेल्या मठाचा तो लेख. ज्या मुलखात गणिताची ती परंपरा होती, त्याच मुलखात पावणेचारशे वर्षांनी राजाच्या मशिदीसाठी घटका मोजल्या गेल्या. राजे अलीखान पुढे १५९७ साली मोगलांच्या बाजूने लढताना पडला. १६०१ मध्ये अकबराने असीरगड घेतला आणि आपल्या विजयाचा फारसी लेख याच मशिदीवर कोरवला. एका इमारतीवर तीन भाषा, आणि त्यातली एक जिंकणाऱ्याची.

एवढ्यावरून कोणी असे समजू नये की सर्वत्र गोडीगुलाबीच होती. देवगिरीच्या किल्ल्यातली १३१८ ची जामा मशीद जुन्या देवळांच्या खांबांवर उभी आहे, हे डोळ्यांना दिसते. त्याच मशिदीत १९४८ नंतर भारतमातेची मूर्ती बसली, हेही दिसते. दोन्ही गोष्टी सांगितल्याच पाहिजेत. एक सांगून दुसरी गिळणे हा इतिहास नव्हे.

आपल्या एरंडोलात हाच प्रश्न आहे. तिथल्या जुन्या दगडी वास्तूला एक समाज जुम्मा मशीद म्हणतो आणि लोकांच्या तोंडी तिचे नाव पांडववाडा आहे. २०२३ साली हा वाद जिल्हाधिकाऱ्यांपुढे आणि तिथून उच्च न्यायालयात गेला. न्यायाचे काम न्यायालय करील. आम्हाला खंत वेगळी आहे. वाद घालणाऱ्या दोन्ही बाजूंच्या किती जणांनी तिथला एक खांब तरी निरखून पाहिला असेल? पांडव आले होते, एका रात्रीत बांधले, ही भाषा प्रत्येक जुन्या दगडाबद्दल बोलली जाते. फरकांड्याच्या झुलत्या मनोऱ्यांचीही तीच गत. उतावळी नदीच्या काठच्या या मशिदीचा एक मनोरा हलवला की दुसरा हले. अहमदाबादेच्या सिदी बशीरच्या मशिदीतही तसेच होते, म्हणजे हे कारागिराचे कसब आहे. पण आपण जादू म्हणून मोकळे होतो आणि मनोऱ्याच्या भेगेत चुना भरायचे विसरतो.

भेग निदान दिसते. रंग तर सारेच झाकतो. दर रमजानच्या आधी गावोगावच्या मशिदी रंगवल्या जातात. भक्ती खरी असते, वर्गणी घामाची असते. पण तेलरंगाचे चार हात बसले की कोरलेले अक्षर बुजते. फरशी चढली की तळखडा दिसेनासा होतो. देवळांची कथा वेगळी नाही. शेंदराखाली आणि ऑइलपेंटखाली किती लेख गेले असतील! इतिहासाचार्य राजवाडे गावोगाव दप्तरे शोधत हिंडले आणि त्यांच्या मागे धुळ्यात १९२७ साली संशोधन मंडळ उभे राहिले, म्हणून कागद तरी वाचले. दगडांसाठी असे हिंडणारे कोण आहे? मशिदीच्या विश्वस्तांना विचारून, रंगाआधी एक दिवस जाऊन, अक्षरावर ओला कागद बसवून ठसा घ्यायचा, एवढेच काम आहे. अरबी वाचणारा एक आणि मोडी-देवनागरी वाचणारा एक असे दोघे मिळून गेले तर उत्तम. जळगावात आणि धुळ्यात असे दोघे सापडणार नाहीत, हे आम्ही मानायला तयार नाही.

बुऱ्हाणपूरला जाणाऱ्यांनी एवढे लक्षात ठेवावे : नमाजाची वेळ टाळून जावे, जोडे बाहेर काढावेत, डोके झाकायला रुमाल असावा. आणि बरोबर एक बत्ती न्यावी. संस्कृत लेख आहे त्या कोपऱ्यात उजेड कमी असतो.