वाटेतला माल अडवू नका



शेजारदेशांच्या व्यापारावरची परिषद दिल्ली-मुंबई सोडून नाशिकला कशाला, असे काहींनी विचारले. ढाक्याने खरेदी थांबवली की आमच्या लासलगावात कांद्याच्या लिलावाची बोली उतरते, म्हणून.

साफ्ता हा दक्षिण आशियाई मुक्त व्यापार करार २००६ पासून लागू आहे. तरी सार्क देशांचा आपापसातला व्यापार त्यांच्या एकूण व्यापाराच्या पाच टक्क्यांच्या आसपासच घुटमळतो. आसियानमध्ये तो वीस टक्क्यांच्या वर आहे. जाणकार जकातीकडे बोट दाखवतात. मी आधी बेभरवशाकडे दाखवीन.

१४ सप्टेंबर २०२० ला कांदा निर्यातबंदी आली, तेव्हा बंगालमधल्या बांगलादेश सीमेवर भरलेले ट्रक उभे होते. साठवणीच्या चाळीतून काढलेला उन्हाळ कांदा आणि वर तिथला दमट पावसाळा! ताडपत्रीखाली गोणी घामेजते, खालच्या थराला पाणी सुटते, वरच्याला मोड येतात. असा माल परत आणावा, तर भाडेही अंगावर पडते. चार दिवसांनी पंचवीस हजार टनांची सवलत मिळाली, पण तोवर बराच कांदा सडला होता.

त्याच्या आदल्या वर्षीही बंदी होतीच. तेव्हा बांगलादेशाच्या तत्कालीन पंतप्रधान शेख हसीना दिल्लीत म्हणाल्या होत्या, की मी स्वयंपाक्याला कांद्याशिवाय रांधायला सांगितले आहे. आधी कळवले असते तर बरे झाले असते, असेही त्या म्हणाल्या. सभागृह हसले. बांगलादेशाने मात्र ते मनावर घेतले. इजिप्त, तुर्कस्तान, पाकिस्तान, जिथून मिळेल तिथून कांदा आणला, आणि घरची लागवडही वाढवली. एवढे होऊनही डिसेंबर २०२३ मध्ये आपण पुन्हा बंदी घातली.

सरकारने शहरातल्या गिऱ्हाइकाची काळजी करू नये, असे मी म्हणणार नाही. पण तिचा भार दर वेळी शेतकऱ्याने आणि शेजाऱ्याने का उचलावा?

ढाका, कोलंबो आणि काठमांडूहून आलेल्या पाहुण्यांनो, दुपारच्या सत्रात तुम्ही आमच्यावर रागवाल. जरूर रागवा, त्याआधी जेवणात भजी आहेत, कांद्याचीच. ठराव समितीला माझी एकच सूचना: बंदीपूर्वी ज्याची कागदपत्रे सीमाशुल्क खात्याकडे दाखल झाली, तो माल सीमेपार जाऊ द्यावा, अशी मागणी ठरावात पहिली असावी.