जिन्याचा कठडा
(ट्रस्टच्या सुवर्णमहोत्सवी सभेत केलेले भाषण)



महोत्सवाच्या व्यासपीठावरून मोठमोठ्या विषयांवर बोलण्याचा प्रघात आहे. आम्ही मात्र आज एका लहान वस्तूविषयी बोलणार आहोत. ती वस्तू म्हणजे जिन्याचा लोखंडी कठडा. शाळेच्या वाढीव मजल्यांसाठी कारखान्यातून तयार होऊन येणारा काँक्रीटचा जिना बसवावा, असा विश्वस्तांचा मानस आहे. तेव्हा हा विषय आज निघाला तर ठीक. जिना येऊन उभा राहिल्यावर निघाला तर उशीर झाला, असे आम्हांस वाटते.

तयार काँक्रीटचा जिना म्हणजे काय, हे प्रथम थोडक्यात सांगतो. पूर्वी जिना जागेवरच फळ्या ठोकून, सळया बांधून ओतीत. आता पायऱ्यांचा सबंध उतारा कारखान्यात लोखंडी साच्यात ओततात, पक्का झाल्यावर मालमोटारीवरून आणतात आणि यारीने उचलून जागी बसवितात. आपल्या इंदूरला हा तयार भागांचा प्रकार अपरिचित नाही. १ जानेवारी २०२१ रोजी देशातील सहा शहरांत नव्या पद्धतीच्या घरबांधणीचा पाया घातला गेला, त्यांत इंदूर होते. येथे १,०२४ घरे पोलादी सांगाडा आणि कारखान्यात बनविलेले भिंतीचे तक्ते यांनी बांधावयाची योजना होती. चेन्नईला तयार काँक्रीटचे भाग वापरावयाचे होते. काम लवकर होते, माल सारखा निघतो, पायरी पायरीला जुळते. हे सर्व गुण खरे आहेत. परंतु एक अडचणही आहे. जागेवर ओतलेल्या जिन्यात मिस्त्री आयत्या वेळी काहीतरी जुळवून घेतो; तयार जिना मात्र जसा आला तसा आला. त्यात जे आधी ठेविले नाही, ते मागाहून ठोकून बसवावे लागते.

आता कठड्यावर भार किती येतो ते पाहू. भार घालण्याविषयीचे आपले भारतीय मानक, आय. एस. ८७५, भाग दुसरा, हे १९८७ सालचे आहे. त्यात राहत्या घरातील जिन्याच्या कठड्याने दर मीटर लांबीस ०.३५ किलोन्यूटन, म्हणजे सुमारे ३५ किलो वजनाइतका आडवा रेटा सोसावा, असे धरले आहे. नाट्यगृहे, प्रार्थनास्थळे, शाळा अशा गर्दीच्या जागी मात्र तोच आकडा २.२५ किलोन्यूटन, म्हणजे सुमारे २३० किलो आहे. घराच्या सहापटींहून अधिक! जो कठडा आपल्या घरी उत्तम टिकला, तोच शाळेला चालेल, असे म्हणणाऱ्याने हे दोन आकडे शेजारी शेजारी लिहून पाहावेत.

हा रेटा शेवटी जातो कोठे? आठवीच्या वर्गात आम्ही तरफ शिकवितो. कठड्याचा खांब ही एक उभी तरफच होय. खांब एक मीटर उंच, दोन खांबांमधील अंतर एक मीटर, आणि खांबाच्या बुडाशी बोल्टांच्या दोन ओळींत अंतर १० सेंटिमीटर असे धरा. माथ्यावर २३० किलोचा रेटा आला की बुडाशी तो दसपट होतो. बोल्टांवर दोन टनांहून अधिक ओढ पडते. म्हणून कठडा मोडतो तो क्वचितच मधोमध वाकून मोडतो. तो बुडाशी उखडतो. वरच्या गजांची नक्षी कितीही सुबक असो, प्राण असतो तो खालच्या चार बोल्टांत.

ही केवळ वहीतली गोष्ट नव्हे. २ मार्च २०२१ रोजी दक्षिण अमेरिकेतील बोलिव्हिया देशात, एल आल्तो येथील विद्यापीठात, सभेसाठी जमलेल्या विद्यार्थ्यांची चौथ्या मजल्यावरील अरुंद सज्जात रेटारेटी झाली. लोखंडी कठडा सुटला आणि किमान सात विद्यार्थी खाली पडून मृत्युमुखी पडले. मुले दंगेखोर होती, असे म्हणून हा प्रश्न सुटत नाही. मुले गर्दी करणारच. मधल्या सुट्टीची घंटा झाली की कोणत्याही शाळेत काय होते ते आम्ही शिक्षक मंडळी रोज पाहतो. कठडा त्या क्षणासाठीच असतो.

आणि इतक्या दूर जावयास नको. ३० मार्च २०२३ रोजी, रामनवमीच्या दिवशी, आपल्याच शहरात पटेलनगरच्या मंदिरात जुन्या बावडीवर घातलेले छत कोसळले आणि ३६ माणसे गेली. तेथे कठड्याचा प्रश्न नव्हता, हे खरे. पण जी गोष्ट वरून फरशी दिसते तिच्या पोटात काय आहे, हे वर बसलेल्या भाविकांस ठाऊक नव्हते. कठड्याचेही तसेच आहे. हात ठेवणारे मूल बोल्ट किती खोल गेला आहे हे विचारीत नाही.

आता काम नीट आणि झटपट कसे व्हावे, याविषयी. आमचे सांगणे असे की, या कामात नीटपणा आणि वेग यांचे वैर नाही. नीट केलेले कामच लवकर होते.

पहिली गोष्ट, जिन्याची मागणी देतानाच कठड्याचा नकाशा तयार असावा. प्रत्येक खांबाची जागा ठरवून त्या ठिकाणी साच्यातच लोखंडी नळी किंवा मागे सळया जोडलेली पोलादी पट्टी बसवून घ्यावी, म्हणजे ती काँक्रीटबरोबरच ओतली जाते. साचा एकच असल्यामुळे सर्व मजल्यांवर भोके एकाच ठिकाणी येतात आणि कठड्याचे तुकडेही एकाच फर्म्यावर घडविता येतात. येथेच निम्मे काम वाचते.

दुसरी गोष्ट, सर्व तुकडे आधीच घडवून मोकळे होऊ नये. जिना बसविताना सांध्यासांध्यावर थोडाथोडा फरक पडतो आणि वरच्या मजल्यापर्यंत त्याची बेरीज होते. म्हणून जिना बसल्यावर प्रत्यक्ष माप घ्यावे, एक तुकडा लावून पाहावा, तो जुळला की मग बाकीचे करावेत. बुडाच्या पट्टीतील भोके किंचित लांबट ठेविली तर ओळंब्यात आणणे सोपे जाते.

तिसरी गोष्ट, मागाहून भोक पाडण्याची वेळ आलीच तर तीन पथ्ये पाळावीत. आतील सळई कोठे आहे ते यंत्राने शोधून मगच ड्रिल लावावे. सळई कापली गेली तर कठडा उभा राहील पण पायरी दुबळी होईल. पायरीच्या कोरेच्या अगदी जवळ भोक घेऊ नये. फुगून घट्ट होणारा बोल्ट काँक्रीटला बाहेर दाबतो आणि कोर फुटते. तेथे रसायनाने चिकटविलेला बोल्ट बरा, पण तोही कोरेपासून पुरेशा अंतरावरच. अशा बोल्टासाठी भोकातील भुकटी ब्रशाने आणि हवेने पूर्ण काढावी लागते, आणि मसाला सुकेपर्यंत त्यावर भार देता येत नाही. घाईत नेमक्या याच दोन गोष्टी राहतात.

चौथी गोष्ट गंजाची. गंज हा मूळ लोखंडापेक्षा कितीतरी अधिक जागा व्यापतो. खांबाच्या बुडाशी पावसाचे पाणी मुरत राहिले की तो फुगतो आणि भोवतालचे काँक्रीट फोडतो. म्हणून तुकडे कापून, जोडून झाल्यावर त्यांस जस्ताचा मुलामा द्यावा आणि जागेवर शक्यतो बोल्टच वापरावेत. वेल्डिंग केले तर त्या ठिकाणचे जस्त जळते. तेथे जस्ताचा रंग लावल्याखेरीज कारागिराने हात धुऊ नयेत. बुडाभोवतीचा मसाला बाहेरच्या बाजूस उतरता ठेवावा.

पाचवी गोष्ट मुलांची. कठडा सुमारे एक मीटर उंच असावा. गज उभे असावेत. आडवे गज म्हणजे लहान मुलाला शिडी. दोन गजांतील फट १० सेंटिमीटरहून कमी असावी, म्हणजे डोके अडकत नाही. लहान वर्गांच्या मुलांसाठी खालच्या उंचीवर दुसरा हातदांडा द्यावा. दांडा मुठीत मावेल असा, चार ते साडेचार सेंटिमीटर जाडीचा असावा. त्याची टोके वळवून घ्यावीत, नाहीतर ओढणी आणि दप्तराचा पट्टा त्यांत अडकतो.

कठडा उभा राहिल्यावर इंजिनीयराकडून रेटून तपासून घ्यावा, आणि पुढे दर वर्षी शाळा उघडण्यापूर्वी प्रत्येक खांब हलवून पाहावा, बोल्ट आवळावेत, त्याची नोंद वहीत ठेवावी.

आपल्या शहरातील अरण्य वसाहत पुष्कळांनी पाहिली असेल. मूळचे पुण्याचे असलेले बाळकृष्ण दोशी यांनी आखलेली ही सुमारे ६,५०० भूखंडांची योजना. तिला १९९५ साली आगाखान वास्तुपुरस्कार मिळाला. तेथे गरिबाला आखून दिलेला भूखंड, पाया आणि संडास-मोरी मिळाली. पुढचे घर ज्याने त्याने ऐपतीप्रमाणे वाढवावयाचे होते. त्यातून आम्ही एक धडा घेतो: पुढे जे लागणार आहे त्याची जागा आरंभीच राखून ठेवावी. आपल्या जिन्यालाही नेमके हेच हवे आहे.

शेवटी खर्चाविषयी एक शब्द. देणगीदारांची नावे कोरलेली संगमरवरी पाटी प्रत्येक संस्थेत असते आणि ती असावी. सभागृहाला देणगी मिळते, पाणपोईला मिळते, कमानीला मिळते. कठड्यासाठी कोणी देणगी दिल्याचे आमच्या ऐकिवात नाही. तो अंदाजपत्रकाच्या शेवटच्या ओळीत असतो आणि पैसे कमी पडू लागले की पहिली कात्री त्याच ओळीला लागते. जाड नळीच्या जागी पातळ नळी येते, चार बोल्टांच्या जागी दोन. पाहणाऱ्याला यातले काही दिसत नाही.

आमच्या घरांतून ‘अमानत’ असा एक शब्द वापरतात. दुसऱ्याने विश्वासाने हाती दिलेली आणि जशीच्या तशी परत करावयाची वस्तू म्हणजे अमानत. मराठीत विश्वस्त म्हणतात तोही हाच अर्थ. रोज सकाळी आईबाप आपली मुले आपल्या फाटकाशी सोडतात आणि दुपारी परत मागतात. पन्नास वर्षे हा ट्रस्ट लोकांच्या पैशाची अमानत चोख सांभाळीत आला. त्याहून मोठी अमानत त्या जिन्यावरून चढउतार करणार आहे.

म्हणून आमची विनंती एवढीच की, जिन्याची मागणी कारखान्याकडे जाण्यापूर्वी कठड्याचा नकाशा इंजिनीयरांच्या सहीने तिला जोडावा, त्यात २.२५ चा आकडा स्पष्ट लिहावा, आणि अंदाजपत्रकातील ती ओळ शेवटून काढून पहिल्या पानावर घ्यावी. त्या ओळीसाठी पैसे कमी पडत असतील तर ते गोळा करण्यास आम्ही शिक्षक मंडळी या सभेतूनच आरंभ करू.