माळ्यावरचें दप्तर आणि देव्हाऱ्यांतली तलवार

(गांवच्या सभेंत झालेलें भाषण)



मराठेशाहीचीं जुनीं कागदपत्रें व हत्यारें कशीं जमवावीं व राखावीं, यावर दोन शब्द बोलावे असा मला हुकूम झाला आहे. हा उद्योग राजेरजवाड्यांचा आणि पंडितांचा, आपला त्यांत काय संबंध, असें पुष्कळांच्या मनांत आलें असेल. म्हणून आधीं माझ्याच घरची गोष्ट सांगतों. आमच्या माळ्यावर लाल फडक्यांत बांधलेला एक रुमाल होता. आंत मोडी कागद. घरांत मोडी कोणालाच वाचतां येईना. माझ्या आजीनें दोन पावसाळ्यांत ते सारे कागद न्हाणीच्या चुलींत घातले, कारण जुना हातकागद चांगला पेटतो. त्यांत काय होतें तें आतां देवालाही सांगतां येणार नाहीं. आजीला मी दोष देत नाहीं. ज्या कागदाच्या जोरावर सावकारानें आमचें रान गिळलें, त्या कागदाविषयीं तिला माया कोठून यावी?

परंतु कागद दोन्ही बाजूंनीं बोलतो, हें आपण विसरलों. भोरजवळच्या कारी गांवीं जेधे देशमुखांच्या घरीं एक शकावली, म्हणजे सालवार घडामोडींची यादी, पिढ्यान् पिढ्या जपून ठेवलेली होती. ती १९१६ सालीं टिळकांनीं छापली. तोंवर शिवाजी महाराजांचा जन्म १६२७ चा, असें पुस्तकांतून सर्रास छापीत असत. या शकावलींत जन्मतिथि शके १५५१ फाल्गुन वद्य तृतीया, म्हणजे १९ फेब्रुवारी १६३०, अशी निघाली, आणि आज सरकारी जयंती त्याच तारखेस होते. जेध्यांच्या घरांतही कोणी म्हातारीनें तें बाड चुलींत घातलें असतें तर?

राजवाड्यांनीं वाईस सांपडलेल्या पत्रांवरून १८९८ सालीं साधनांचा पहिला खंड काढला आणि पुढें गांवोगांव पायपीट करून एकंदर बावीस खंड बाहेर आणले. या कष्टांस आपण नमस्कार करावा. पण संशोधक जातो तो बहुधा वाड्यांत जातो. लोहाराच्या झोपडींत कागद असेल असें त्याच्या स्वप्नींही येत नाहीं. आणि लोहारालाही येत नाहीं, हें अधिक वाईट.

आतां मुद्द्याची गोष्ट ऐका. वतनाचा तंटा पडला म्हणजे पूर्वीं गोतसभा बसे व निवाड्याचा महजर लिहीत. त्याखालीं गांवच्या साक्षी पडत. पाटलास अक्षर येत नसे, म्हणून तो नांगर काढी. लोहार हातोडा काढी, सुतार किंकरें, कुंभार चाक, परीट मोगरी. गांवोगांव थोडाफार फरक, पण रीत हीच. ज्यांना आपण अडाणी म्हणतों त्यांचें हत्यार हीच त्यांची सही होती, आणि त्या सहीवांचून देशमुखाचें वतनही पक्कें होत नसे. असा एखादा महजर मीं पहिल्यानें पाहिला तेव्हां मला वाचतां कांहींच येत नव्हतें. पण तळाचा नांगर मात्र वाचतां आला. किल्ल्यांवरील हाजिऱ्या, बेलदार व सुतार यांच्या मजुरीचे हिशेब, घोड्यांच्या नालांचा खर्च, हें सारें सरकारी दप्तरांत रुमालांच्या रुमाल पडून आहे. लढाई एकट्या सरदारानें मारली नाहीं, याचा लेखी पुरावा तो आहे.

हत्यारांचें तसेंच. लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयांतून २०२४ च्या जुलईंत वाघनखें उसनीं आणून साताऱ्यास ठेवलीं, तेव्हां केवढी गर्दी लोटली! साताऱ्यास १८१८ पासून रेसिडेंट असलेल्या ग्रँट डफनें तीं विलायतेस नेलीं व त्याच्या वंशजानें संग्रहालयास दिलीं. डबीवर लिहिलें आहे कीं तीं शिवाजी महाराजांचीं. पण संग्रहालयच म्हणतें, याची खात्री देतां येत नाहीं. कां येत नाहीं? कोणाकडून, कोठून, कोणत्या हातानें आलीं, याची साखळी तुटली म्हणून. उलट २०२५ च्या एप्रिलांत लंडनच्या लिलांवांत नागपूरकर रघूजी भोसल्यांची तलवार निघाली. पातें युरोपांत घडलेलें, म्हणून फिरंग. पण पात्यावर सोन्यानें रघूजींचें नांव कोरलेलें होतें, म्हणून ओळख पटली. आपल्या सरकारानें ४७ लक्ष १५ हजार रुपये मोजून ती परत घेतली.

तुमच्या देव्हाऱ्यांतल्या तलवारीवर नांव कोणी कोरलें आहे? ती कोणाची, हें तुमच्या आजोबांचें तोंडच सांगूं शकतें. मोड घेणारे व जुनें सामान घेणारे गांवांत येतात, दोनपांचशें रुपये हातावर ठेवतात आणि तलवार शहरांत जाते. तेथें ती चांगली उजळून मोठ्या किंमतीस विकली जाते, पण ती मुकी झालेली असते. कायदा आपल्या बाजूस आहे. १९७२ च्या कायद्यानें शंभर वर्षांची जुनी वस्तु व पंचाहत्तर वर्षांचा ऐतिहासिक कागद देशाबाहेर नेण्यास मनाई आहे, आणि असा व्यापार करणारास परवाना लागतो. पुढच्या खेपेस त्या गृहस्थास परवाना विचारून पाहा. चहा न पितां उठेल.

राखण्याची रीत सोपी आहे. खंडेनवमीला पूजा करा, पण हळदकुंकू व पाणी तसेंच ठेवूं नका. कोरड्या फडक्यानें पुसून तेलाचा पातळ हात द्या. चिंचेनें घासूं नका, वाळूकागद तर नकोच. मूठ पुष्कळदां लाखेनें बसविलेली असते, म्हणून पातें विस्तवाजवळ नेऊं नका. कागद मात्र देवाजवळच्या ओलाव्यांत ठेवूं नयेत. चिकटपट्टी लावूं नये, प्लास्टिकांत कोंडूं नयेत. कोरड्या सुती फडक्यांत, ज्या क्रमानें सांपडले त्याच क्रमानें राहूं द्यावे. क्रम मोडला कीं अर्धी माहिती गेली.

आणि कागद हातावेगळा करूं नका. आमच्या पलीकडच्या वाडींतून एक विद्वान ‘नक्कल करून आणतों’ म्हणून बाड घेऊन गेले, त्याला आतां बारा वर्षें झालीं. नक्कल तुमच्या ओसरीवर बसून होऊं शकते; मोबाईलवर छायाचित्र काढलें तरी पुरतें. मोडी शिकणें तितकें अवघड नाहीं. पुराभिलेख खात्यातर्फें वर्ग चालतात. आपल्या गांवच्या दोन पोरी यंदा जाणार आहेत, त्यांचा एस. टी. भाड्याचा खर्च तालमीच्या फंडांतून व्हावा असें मी अध्यक्षांस सुचवितों.

येत्या रविवारीं सकाळीं मी वही घेऊन मारुतीच्या देवळांत बसणार आहें. ज्याच्याकडे कागद, तलवार, भाला, गुप्ती, दारूचें शिंग, काय असेल तें आणा. कोणाच्या घरचें, कोणी सांगितलें, कोठें सांपडलें, एवढें लिहून घेऊं, आणि वस्तु ज्याची त्यानें परत घरीं न्यावी. म्हाताऱ्या माणसांना बरोबर आणा. त्यांना आणण्यासाठीं बैलगाडी लागली तर माझी आहे.