रोप कोणाचे?
(हीरक महोत्सवी समारंभातील भाषण)



भिलाईच्या पोलाद कारखान्याची पहिली झोतभट्टी ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते सुरू झाली. कारखान्याच्या निमित्ताने देशभरातून माणसे येथे आली. त्यांत मराठी कुटुंबेही होती. क्वार्टरच्या अंगणात आंबा, पेरू, शेवगा लागला आणि त्याला पाणी घालण्याचे काम बहुधा मुलांकडेच असे. म्हणूनच ‘आजच्या मुलांना पर्यावरणाची आस्था नाही’ हा आक्षेप तपासून पाहिला पाहिजे.

नियमांची उणीव नाही. सर्वोच्च न्यायालयाने १९९१ मध्ये पर्यावरण-शिक्षण सक्तीचे करण्याचे निर्देश दिले. २००१ मध्ये राष्ट्रीय हरित सेनेची योजना आली. तरीही शाळेच्या आवारात मुलांचा सहभाग उणाच राहतो.

पहिला अडसर दिनदर्शिकेचा. ५ जून, जागतिक पर्यावरण दिन, छत्तीसगडात उन्हाळी सुट्टीत येतो. जुलैत रोप लागते, छायाचित्र निघते. मे महिन्यात पारा चाळिशी ओलांडतो, तेव्हा शाळेला कुलूप असते. सुट्टीनंतर परतलेल्या मुलाला वाळलेली काडी दिसते आणि त्याच खड्ड्यात नवे रोप लावण्यास सांगितले जाते. असे दोनदा घडले की तिसऱ्या वेळी ते मूल मनापासून खड्डा खणत नाही. मोठी माणसे याला अनास्था म्हणतात. वस्तुतः तो अनुभव असतो.

दुसरा अडसर वेळेचा. शाळा सुटताच शिकवणी गाठायची असते आणि ज्या कामाला गुण नाहीत, ते सर्वांत आधी वगळले जाते.

तिसरा अडसर अधिक खोल आहे. ओला-सुका कचरा वेगळा करणाऱ्या मुलाला घरी ऐकावे लागते, ‘हे काय आपले काम आहे?’ या एका वाक्यात श्रमांविषयीची आणि ते श्रम करणाऱ्या माणसांविषयीची तुच्छता असते. वर्गातील दहा धडे तिच्यापुढे हरतात.

चौथा अडसर निर्णयाचा. बालसहभागाचे अभ्यासक रॉजर हार्ट यांनी १९९२ मध्ये युनिसेफसाठी आठ पायऱ्यांची शिडी मांडली. मुलांना हाताशी धरून वापरणे, शोभेपुरते उभे करणे, नावापुरते बोलावणे, या खालच्या तीन पायऱ्यांना त्यांनी सहभाग मानलेच नाही. कोणते झाड, कोणत्या जागी, पाणी कोठून, हे सारे मोठ्यांनी ठरवल्यावर मुलांच्या वाट्याला उरतो तो केवळ फलक.

उपाय खर्चिक नाहीत. शंभर रोपांऐवजी दहाच लावावीत. झाड आणि जागा मुलांनी निवडावी. वर्षअखेरीस किती लावली यापेक्षा किती जगली, हे मुलांनीच फलकावर लिहावे.

रिसालीत राहणाऱ्या माजी विद्यार्थ्यांनी सुट्टीतील दीड महिना एकेका रोपाचे पाणी स्वीकारावे. पालकांनी आठवड्यातून एक तास मोकळा द्यावा आणि मातीने मळलेले हात पाहून रागावू नये. हीरक महोत्सवाची ही भेट शाळेला पुरेशी आहे. जूनमध्ये परतणाऱ्या मुलाला आपले रोप हिरवे दिसले, की पुढचा खड्डा खणण्यास त्याला कोणी सांगावे लागणार नाही.