यंत्राच्या निवाड्यावर माणसाची देखरेख



काही दिवसांपूर्वी एक पदवीधर मुलगी माझ्याकडे सल्ल्यासाठी आली. तिने अनेक खाजगी कंपन्यांकडे अर्ज केले होते. काही अर्जांना तर पाठविल्यानंतर काही मिनिटांतच नकार आला होता. कारण कोठेही दिलेले नव्हते. तिने मला विचारले, “वकीलसाहेब, आडनाव बदलून अर्ज करू काय?” हा प्रश्न उद्या आपणांपैकी कोणाच्याही घरात उभा राहील, म्हणून त्याविषयी मी आज बोलणार आहे.

पूर्वी अर्ज कोणी तरी अधिकारी वाचीत असे. तो पक्षपाती असला तरी त्याला जाब विचारता येत असे. आता पुष्कळ मोठ्या कंपन्यांत अर्जांची पहिली छाननी कृत्रिम बुद्धिमत्तेचे यंत्र करते. यंत्राला जात नाही, म्हणून ते निःपक्षपाती असलेच पाहिजे, अशी अनेकांची समजूत आहे. ही समजूत भ्रामक आहे. पूर्वी कोणाला घेतले व कोणाला नाकारले, ह्याची दप्तरे यंत्रापुढे ठेवण्यात येतात आणि त्यांवरून ते शिकते. गुरूच पक्षपाती असेल तर शिष्य निःपक्षपाती कसा निपजेल?

अमेरिकेतील अ‍ॅमेझॉन कंपनीने 2014 साली अर्जांना गुण देणारे असे यंत्र तयार करावयास घेतले. मागील 10 वर्षांत आलेल्या अर्जांवरून ते शिकले आणि ते अर्ज बहुतांशी पुरुषांचे होते. परिणाम असा झाला की, अर्जात ‘स्त्रियांचे’ मंडळ किंवा ‘स्त्रियांचे’ महाविद्यालय असा उल्लेख आला की यंत्र गुण कमी करू लागले. स्त्रियांना वगळा, अशी आज्ञा त्याला कोणीही दिली नव्हती. कंपनीने तो प्रयोग सोडून दिला. 2018 साली रॉयटर्स वृत्तसंस्थेने ही हकीकत उजेडात आणली.

आता आपल्या देशाकडे पाहा. सुखदेव थोरात व पॉल अ‍ॅटवेल ह्या अभ्यासकांनी खाजगी कंपन्यांच्या जाहिरातींना समान पात्रतेचे अर्ज पाठविले. फरक होता तो नावांचा. 2007 साली प्रसिद्ध झालेला त्यांचा निष्कर्ष असा की, दलित नावाच्या अर्जदारास बोलावणे येण्याची शक्यता उच्चवर्णीय नावाच्या सुमारे दोन तृतीयांश होती. हा पक्षपात माणसांनी केला. अशाच निवडींची दप्तरे यंत्राला शिकविली तर काय होईल? जातीचा रकाना खोडून भागत नाही. आडनाव, वस्ती, शाळा, शिष्यवृत्ती ह्यांतून यंत्र तिचा माग काढू शकते. आपण धर्मांतर करून जात टाकली. जुन्या दप्तरांनी ती टाकलेली नाही.

न्यू यॉर्क शहराच्या 2021 च्या कायद्याचा अंमल जुलै 2023 पासून सुरू झाला. अशा यंत्राची दरवर्षी त्रयस्थाकडून तपासणी करवून तिचा गोषवारा प्रसिद्ध करणे आणि अर्जदारास आगाऊ सूचना देणे मालकावर बंधनकारक आहे. परंतु ती तपासणी लिंग व वंश ह्यांपुरती आहे. तीत जात नाही. युरोपीय संघाच्या 2024 च्या कायद्याने नोकरभरतीची यंत्रे अधिक जोखमीची मानून त्यांवर माणसाच्या देखरेखीची तरतूद केली आहे. आपल्या संविधानाचे कलम 16 सरकारी नोकरीपुरते आहे. नागरी हक्क संरक्षण कायदा, 1955 अस्पृश्यतेच्या कारणावरून नोकरीत आडकाठी करणे हा गुन्हा मानतो. परंतु नकाराचे कारणच कळले नाही, तर पुरावा आणावयाचा कोठून?

म्हणून आपली मागणी स्पष्ट असावी. छाननी यंत्र करणार असेल तर तसे आधी सांगा. नकाराचे कारण लेखी द्या. त्रयस्थाने यंत्राची तपासणी जातीच्या कसोटीवरही करावी. त्यासाठी लागणारी जातीची माहिती मालकाच्या हाती जाऊ नये. आणि प्रत्येक निवाड्यास एक माणूस जबाबदार असावा. यंत्राकडे बोट दाखवून कोणालाही सुटता येऊ नये.

त्या मुलीला मी सांगितले, “आडनाव बदलू नकोस. प्रत्येक अर्जाची प्रत, तारीख व आलेले उत्तर जपून ठेव, आणि कारण लेखी माग.” तेच मी आपणांस सांगतो. दोष आपल्या नावात नाही. तो त्या दप्तरांत आहे, आणि ती दप्तरे उघडावयास लावणे हे आपले काम आहे.