एका युनिटाचा ताळेबंद

विजेचें बिल दर महिन्यास घरोघर येतें. यजमान त्यावरून नजर फिरवितो. गेल्या महिन्यापेक्षां रक्कम वाढली असेल तर घरांत पंख्यांवरून आणि दिव्यांवरून दोन शब्द होतात, आणि प्रकरण तेथेंच मिटतें. युनिटें किती जळलीं, दर काय, स्थिर आकार किती, वहन आकार किती, सरकारी शुल्क किती, हें सारें त्या कागदावर तपशीलवार छापलेलें असतें. परंतु तेवढी वीज निर्माण होतांना कोळसा किती जळला, पाणी किती आटलें, राख किती सांचली आणि हवेंत काय मिसळलें, हे आंकडे कोणत्याहि बिलावर नसतात. ते छापले जात नाहींत म्हणून ते फेडावे लागत नाहींत असें मात्र नव्हे. ते कोणीतरी फेडीत असतो. आणि ज्याच्या नांवानें बिल निघतें त्याहून तो बहुधा निराळाच असतो. तो न छापलेला हिशेब मांडून पाहणें हा या भाषणाचा उद्देश आहे.

हिशेब मांडावयास जामखेडसारखें गांव फार सोयीचें. पूर्वीच्या अहमदनगर आणि आतांच्या अहिल्यानगर जिल्ह्याच्या आग्नेय टोंकास, बालाघाटच्या डोंगराळ प्रदेशाला लागून हा तालुका पसरला आहे. पुण्यश्लोक अहिल्याबाईंचें जन्मगांव चौंडी याच तालुक्यांत आहे. ज्या राज्यकर्तीनें देशभर विहिरी आणि घाट बांधिले, तिच्या माहेरच्या मुलुखांत पाण्याची ददात कायमची, हा योगायोग मनाला चटका लावणारा आहे. येथील शेतकऱ्याचा संसार विहिरीवर आणि विहीर मोटरीवर अवलंबून असते. वीज गेली म्हणजे विहिरींत पाणी असून पीक माना टाकतें. आणि विहीर आटली म्हणजे वीज असून मोटर निरुपयोगी ठरते. वीज पाण्याला वर आणते, हें त्याच्या रोजच्या पाहण्यांतलें आहे. परंतु जेथें धरणाचा धबधबा नाहीं, केवळ कोळसाच जळतो, तेथेंहि पाण्यावांचून वीज निघत नाहीं, ही गोष्ट सहसा कोणाच्या ध्यानांत येत नाहीं.

महाराष्ट्रांत विजेचा आरंभ पाण्यापासून झाला. सह्याद्रीच्या माथ्यावर पडणारा पाऊस तलावांत अडवून तें पाणी नळांवाटे कोंकणांत सोडावयाचें, या कल्पनेनें टाटांनीं १९१५ सालीं खोपोलीस, १९२२ सालीं भिवपुरीस आणि १९२७ सालीं भिऱ्यास वीजघरें चालूं केलीं. त्यानंतर १९२९ च्या सुमारास ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेनें आपल्या विजेच्या गाड्यांसाठीं कल्याणजवळ ठाकुर्लीस कोळशाचें वीजघर उभारलें. पुढें कारखाने वाढले, गांवोगांव तारा गेल्या. सह्याद्रीचें पाणी पुरेना. विदर्भाच्या भूमींत कोळसा होताच. १९६० सालीं राज्य विद्युत् मंडळ स्थापन झाल्यानंतर कोराडी, खापरखेडा, चंद्रपूर, भुसावळ, पारस, नाशिकजवळचें एकलहरे आणि परळी वैजनाथ येथें औष्णिक केंद्रें एकामागून एक उभीं राहिलीं अथवा वाढलीं. मंडळाचें विभाजन २००५ सालीं झालें. तेव्हांपासून तीं महानिर्मिति कंपनीकडे आहेत.

या केंद्रांची रचना तत्त्वतः चुलीवर ठेविलेल्या आधणासारखी आहे. कोळसा पिठासारखा दळून भट्टींत फुंकतात. त्याच्या ज्वाळेनें नळ्यांतील पाण्याची वाफ होते. ती सुमारें ५४० अंश सेंटिग्रेडपर्यंत तापविली जाते. मोठ्या दाबाखालची ही वाफ चक्राच्या पात्यांवर आदळते आणि तें चक्र मिनिटास ३,००० फेरे घेतें. त्याच्याच दांड्यावर जोडलेलें चुंबक तारांच्या वेटोळ्यांत फिरतें, आणि फॅरडेनें १८३१ सालीं शोधून काढिलेल्या नियमाप्रमाणें तारांत वीज उत्पन्न होते. येथपर्यंत सारें सरळ आहे. अडचण पुढें येते. चक्र फिरवून बाहेर पडलेली वाफ थंड करून पुन्हा पाणी केल्यावांचून यंत्राची फेरी पुरी होत नाहीं. कोळशांत जेवढी उष्णता असते तिच्यापैकीं सुमारें एक तृतीयांशच विजेच्या रूपानें हातीं लागते. उरलेली बव्हंशी या वाफेबरोबर आणि धुराबरोबर बाहेर टाकावी लागते. केंद्राजवळ जे कमरेशीं बारीक झालेले प्रचंड मनोरे दिसतात ते धुराडीं नव्हेत. वाफ गार करणारें पाणी तेथें स्वतः गार होतें. त्यांतून निघणारा पांढरा लोट धुराचा नसून पाण्याचा असतो. नदीचें किंवा धरणाचें पाणी तेथें रात्रंदिवस आकाशांत जात असतें.

आतां प्रत्यक्ष आंकडे घेऊं. एक युनिट म्हणजे शंभर वॅटचा जुना दिवा दहा तास जळावयास लागणारी वीज. विहिरीवरची पांच अश्वशक्तीची मोटर तासाभरांत अशीं चार ते पांच युनिटें घेते. आपल्याकडील कोळशाच्या केंद्रांत एका युनिटामागें साधारणतः पाऊण किलोच्या आंत-बाहेर कोळसा जळतो. केंद्र सरकारनें २०१५ सालीं ठरविलेल्या नियमान्वयें मनोऱ्यांच्या जुन्या केंद्रांस युनिटामागें साडेतीन लिटर पाण्याची मर्यादा आहे. आपल्या देशांतील कोळशांत राखेचें प्रमाण शेकडा ३० ते ४५ इतकें असतें. तेव्हां युनिटामागें पाव किलो राख धरावयास हरकत नाहीं. ज्या घरांत महिन्यास शंभर युनिटें लागतात आणि तीं सर्व कोळशाचीं आहेत असें मानलें, त्या घरासाठीं सुमारें ७० किलो कोळसा, ३५० लिटर पाणी आणि २५ किलो राख असा मासिक खर्च पडतो. राज्यभर तारांचें जाळें एकच असल्यामुळें जामखेडच्या अमुक दिव्यांत अमुक केंद्राची वीज आहे असें सांगतां येत नाहीं. पण तो दिवा लागतो तेव्हां कोठें तरी तेवढें पाणी आटतें, एवढें निश्चित.

हें ‘कोठें तरी’ फार दूर नाहीं. जामखेडची पूर्वेची शीव ओलांडली कीं बीड जिल्हा लागतो, आणि त्याच जिल्ह्याच्या दुसऱ्या टोंकास परळी वैजनाथ आहे. तेथील पहिला संच १९७१ सालीं चालूं झाला. पुढें संच वाढत गेले. केंद्रास पाणी मिळतें तें गोदावरीवरील खडका बंधाऱ्यांतून, आणि तो बंधारा भरावयाचा तो वरच्या जायकवाडीच्या आणि माजलगांवच्या धरणांच्या पाण्यानें. नगर जिल्ह्यांतील मुळा आणि प्रवरा या नद्यांचें पाणी जायकवाडींतच जातें. म्हणून या साखळीची एक कडी नगरच्या शेतांतहि आहे. २०१२ चा पावसाळा कोरडा गेला. धरणें तळाशीं गेलीं, पिण्यासाठीं टँकर धांवूं लागले, आणि २०१३ च्या फेब्रुवारींत परळीचे सर्व संच पाण्याअभावीं बंद पडले. १,१३० मेगावॅट शक्तीचें केंद्र, आणि वाफ करावयास पाणी नाहीं! २०१५ च्या अवर्षणांतहि हाच प्रसंग पुन्हा आला. तहानलेल्या माणसाच्या आधीं यंत्रास पाणी द्यावें असें कोणीहि म्हणणार नाहीं; पाणी राखून ठेविलें हें योग्यच झालें. परंतु यांतून एक धडा मिळाला. ज्या वर्षीं विहिरी खोल जातात आणि मोटरीस अधिक तास वीज लागते, त्याच वर्षीं वीज करणारें केंद्रहि तहानेनें थांबतें.

परळीस पुढें २५० मेगावॅटचे तीन संच उरले. ते तिन्ही दिवसभर पूर्ण शक्तीनें चालले आणि नियमाच्या मर्यादेइतकें पाणी त्यांनीं घेतलें, तर रोजचें पाणी सहा कोटी तीस लाख लिटर होतें. खेड्यांतील माणसास दररोज ५५ लिटर पाणी मिळावें असें जलजीवन मिशनचें मान आहे. त्या मानानें हें पाणी साडेअकरा लाख माणसांस पुरेल. केंद्र बांधतांना कोळसा कोठून येईल याचा विचार फार झाला. पाणी सदैव येईल हें मात्र गृहीत धरलें गेलें.

पाण्याची वाफ निदान दिसेनाशी होते; राख जात नाहीं. भट्टींतून धुराबरोबर जी बारीक राख उडते तिचा बहुतेक भाग विद्युत्‌भारित पत्र्यांवर पकडला जातो, आणि पुष्कळदां पाण्यांत कालवून नळानें मोठ्या तळ्यांत सोडतात. या राखेंत वाळूचे व मातीचे घटक मुख्य असले तरी पारा, आर्सेनिक यांसारख्या विषारी धातूंचे अंशहि असतात. तळें सुकलें कीं वाऱ्याबरोबर ती गांवांत येते. पिकाच्या पानांवर, वाळत घातलेल्या धुण्यावर आणि माणसांच्या श्वासांत बसते. २०२२ च्या जुलैंत नागपूरजवळ खसाळा येथील कोराडी केंद्राच्या राखतळ्याचा बांध अतिवृष्टीनें फुटला आणि राखेचा चिखल शेतांत व ओढ्यांत पसरला. वस्तुतः ही राख टाकाऊ नव्हे. सिमेंटमध्यें ती मिसळतां येते, तिच्या विटा होतात, रस्त्यांच्या भरावांत ती चालते. तिचा उपयोग करावा म्हणून केंद्र सरकारनें १९९९ सालापासून नियम केले आणि २०२१ च्या अखेरीस ते अधिक कडक केले. पण विटेसाठीं राख नेतांना ती उघड्या ट्रकांतून रस्ताभर सांडूं लागली, तर तळ्याचा त्रास रस्त्यावर आला इतकेंच. माल झांकून नेणें ही लहान गोष्ट खरी. परंतु लहान गोष्टींतच कारभाराची परीक्षा होते.

तिसरी बाब धुराची. कोळशांतील गंधक जळून जो वायु होतो तो श्वसनास घातक आहे, आणि हवेंत त्याचे सूक्ष्म कण होऊन ते दूरवर पसरतात. तो अडविणें शक्य आहे, याचा दाखला महाराष्ट्रांतच आहे. चिकूच्या बागांसाठीं प्रसिद्ध असलेला डहाणू तालुका १९९१ सालीं पर्यावरणाच्या दृष्टीनें नाजूक म्हणून जाहीर झाला. तेथें १९९५ च्या सुमारास ५०० मेगावॅटचें औष्णिक केंद्र चालूं झालें. बागाईतदार आणि पर्यावरणप्रेमी नागरिक न्यायालयांत गेले. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानें १९९६ सालीं निवृत्त न्यायमूर्ति चंद्रशेखर धर्माधिकारी यांच्या अध्यक्षतेखालीं प्राधिकरण नेमलें गेलें, आणि त्याच्या दीर्घ पाठपुराव्यानें २००७ सालीं त्या केंद्रास समुद्राच्या पाण्यानें गंधक धुऊन काढणारी यंत्रणा बसली. देशांतील सर्व केंद्रांसाठीं असा नियम २०१५ सालीं झाला खरा. पण मुदती वारंवार वाढल्या, आणि २०२५ च्या जुलैंत बहुसंख्य केंद्रांस या यंत्रणेंतून सूटच मिळाली. आपला कोळसा मुळांत कमी गंधकाचा आहे आणि यंत्रणेनें वीज महाग होईल, असें सूट देणारांचें म्हणणें आहे. महाग होईल हें खरें. पण दवाखान्याचा खर्चहि खर्चच असतो. तो विजेच्या बिलांत दिसत नाहीं, एवढाच फरक.

याखेरीज कार्बनडायॉक्साइड, ज्यास जुनीं पुस्तकें कर्बाम्ल वायु म्हणत, तो आहेच. युनिटामागें तो एक किलोच्या जवळपास निघतो. जळलेल्या कोळशाहून त्याचें वजन अधिक, कारण कोळशांतील कर्बाशीं हवेंतील प्राणवायु जोडला जातो. हा वायु पृथ्वीभोंवतीं दुलईसारखा सांचून उष्मा वाढवितो. पाऊस लहरी होणें आणि उन्हाळे तापणें हे त्याचे परिणाम शास्त्रज्ञ सांगतात. आणि त्यांचा मार प्रथम जामखेडसारख्या कोरडवाहू मुलुखाला बसतो.

तर मग हीं केंद्रें बंद करावींत काय? असें म्हणणें कृतघ्नपणाचें होईल. १९७० सालीं डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनीं जामखेडास ग्रामीण आरोग्याचें जें काम आरंभिलें त्याचें नांव जगभर झालें. तशा कामांत शस्त्रक्रियेचा दिवा, लशींचें शीतपेटींतील तापमान, बाळंतिणीच्या खोलींतील उजेड या सर्वांमागें वीज असते. मुलें रात्रीं वाचतात ती वीज, नळास पाणी चढतें ती वीज. महाराष्ट्रांतील या विजेचा मोठा भाग अजूनहि कोळशाचाच आहे. प्रश्न वीज हवी कीं नको हा नसून, ती कोणाच्या पाण्यावर आणि कोणाच्या श्वासावर मिळवावयाची, हा आहे.

याचें उत्तरहि अगदींच दूर नाहीं. नागपूर शहराचें सांडपाणी शुद्ध करून कोराडीच्या केंद्रास दिलें जातें. तेवढें धरणाचें पाणी वांचतें. याच जिल्ह्यांत पारनेर तालुक्यांतील कवड्या डोंगरावर पवनचक्क्या फिरतात. त्याच तालुक्यांतील राळेगणसिद्धीस २०१७ सालीं मुख्यमंत्री सौर कृषि वाहिनी योजनेचा आरंभ झाला. शेतावरच्या मोटरीस सूर्याची वीज दिवसा मिळावी, हा तिचा हेतु. यांत दुहेरी लाभ आहे. सौर पत्र्यांना वाफेचें पाणी लागत नाहीं, आणि शेतकऱ्यास मध्यरात्रीं साप-विंचवाचें भय सोसून पाणी धरावयास जावें लागत नाहीं. सूर्य मावळल्यावर मात्र कोळशाचा आधार कांहीं वर्षें तरी सुटणार नाहीं. म्हणूनच संध्याकाळच्या वेळीं वांचविलेल्या युनिटास विशेष मोल आहे.

शहरांतील सुशिक्षित कुटुंबाकडे यांतील दोन कामें येतात. पहिलें घरांतलें. रिकाम्या खोलींतील दिवा आणि पंखा बंद करणें यास कंजूषपणा म्हणण्याची चाल सोडावी. दहा युनिटें वांचलीं म्हणजे ३५ लिटर पाणी वांचलें, असें मुलांना सांगावें. दुसरें काम सार्वजनिक आहे. प्रत्येक केंद्रानें महिन्यास किती पाणी घेतलें, किती राख निघाली व ती कोठें गेली, धुरांत काय होतें, याचे आंकडे ग्राहकास सोप्या मराठींत कळावेत, शक्य तर बिलाच्या पाठीवरच छापले जावेत, अशी मागणी नागरिकांनीं केली पाहिजे. आंकडे डोळ्यांपुढें आले कीं लोक प्रश्न विचारूं लागतात, आणि डहाणूचा अनुभव असा कीं, लोकांनीं चिकाटीनें विचारलेल्या प्रश्नास उशिरा कां होईना, उत्तर द्यावें लागतें.